माती बघा, मग टायर घ्या

फोर बाय फोरचा लिव्हर ओढला की इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोचते. तिथून पुढे गाडी हलते की चाकं जागच्या जागी फिरत राहतात, हे ठरवतो टायर. दीड-दोन टनांची गाडी जमिनीला टेकलेली असते ती प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरावर. शिवाय फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलतो, थांबवत नाही. ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. त्यामुळे जुलैतल्या धुवांधार पावसात ताम्हिणी उतरताना डांबरावर ब्रेक दाबला की थार असो नाहीतर ऑल्टो, गाडी किती अंतरात थांबेल यात टायरचा वाटा फार मोठा असतो.

पावसाळा जवळ आला की टायरच्या दुकानांत थार, जिम्नी, गुरखाचे मालक दिसू लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सगळ्यात दणकट टायर कुठला?" दुकानदार मग सर्वात मोठ्या ठोकळ्यांचा टायर पुढे करतो आणि गाडी दिसायला रांगडी होते. विचारायला हवेत ते प्रश्न वेगळे. माझी गाडी वर्षातले बहुतेक दिवस कशावर चालते? आणि ज्या वाईटातल्या वाईट जागेतून मला खरोखरच बाहेर यावं लागतं, ती जागा कोणत्या मातीची आहे? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं दिली, तर महाराष्ट्रातले बहुतेक फोर बाय फोर मालक एकाच ठिकाणी येऊन थांबतील: कंपनीने दिलेल्या मापाचा किंवा त्याच्या अगदी जवळचा, मध्यम नक्षीचा ऑल टेरेन टायर.

प्रकार थोडक्यात असे. शोरूममधून निघालेल्या बहुतेक एसयूव्हींना हायवे टेरेन, म्हणजे एच/टी टायर असतात. नक्षी बारीक, खाचा अरुंद, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. ऑल टेरेन, म्हणजे ए/टी टायरचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात, बाजूची भिंत बहुधा जाड असते आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. २०२० साली आलेल्या नव्या थारच्या वरच्या मॉडेलला सीएटचे झार ए/टी टायर कारखान्यातूनच बसून येऊ लागले; म्हणजे अशा गाडीच्या मालकाकडे आधीच ए/टी आहे आणि तो झिजेपर्यंत बदलायची घाई नाही. तिसरा मड टेरेन, एम/टी. त्याच्या ठोकळ्यांमध्ये बोटं सहज जातील एवढ्या खाचा असतात. अलीकडे ए/टी आणि एम/टी यांच्या मधला रगेड टेरेन, म्हणजे आर/टी नावाचा प्रकारही बाजारात आला आहे.

एम/टीचं आकर्षण सगळ्यांना असतं, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. चिखल त्याच्या रुंद खाचांत शिरतो, चाक जोरात फिरलं की तो बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्याची मोकळी कडा पुन्हा जमिनीला लागते. म्हणजे हा टायर काम करतो तो चाक फिरतं ठेवल्यावर. खोल, सलग चिखलात त्याला तोड नाही. पण डांबरावर हेच गुण अंगाशी येतात. खाचा जास्त म्हणजे जमिनीला टेकणारं रबर कमी. उंच ठोकळे वळणावर आणि ब्रेकखाली वाकतात, म्हणून स्टिअरिंग सैल वाटतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. टायर जड असल्याने सस्पेन्शनवर भार येतो आणि मायलेज घटतं. आवाज तर टायर झिजत जाईल तसा वाढतच जातो. पिंपरीहून हिंजवडीला रोज जाणारी आणि अधूनमधून वेल्ह्याच्या बाजूला फिरणारी गाडी वर्षभर एम/टीवर चालवणं म्हणजे अधूनमधूनच्या त्या दिवसांसाठी बाकीच्या प्रत्येक पावसाळी दिवसाची सुरक्षितता कमी करणं. हे मला पटत नाही. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्या पाहून टायर ठरवू नका. त्या गाड्या फक्त त्याच कामासाठी बांधलेल्या असतात, त्यांना विंच असतो आणि मदतीला माणसं असतात.

आता मातीकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथेच होतो.

सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट. तो कठीण असतो आणि फुटला की धारदार कडा सोडतो. गडांच्या पायथ्याकडे जाणारे खडीचे, मुरमाचे रस्ते, ओढ्यांची दगडगोट्यांची पात्रं, धरणाच्या कडेच्या कच्च्या वाटा, या सगळ्यांत पकडीपेक्षा मोठी काळजी असते टायरच्या बाजूची. नक्षीत खिळा घुसला तर गावातला पंक्चरवाला पट्टी मारून देतो. बाजूच्या भिंतीला दगडाने चीर पाडली, तर तो टायर संपला. तिथे पट्टी मारून हायवेला लागणं जिवाशी खेळणं आहे. म्हणून डोंगरात फिरणाऱ्याने आधी बाजूची भिंत बघावी. टायरवरच लहान अक्षरांत लिहिलेलं असतं की नक्षीखाली किती थर आहेत आणि बाजूला किती. साध्या टायरला बाजूला एक किंवा दोन थर असतात, काही ए/टी आणि बहुतेक एम/टी टायरना तीन. दगडात फिरायचं असेल तर बाजूला दोनपेक्षा कमी थर नकोतच.

इथेच रिमचाही विचार करा. थारच्या एका मॉडेलला २४५/७५ आर १६ टायर येतो आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८. चाकाचा एकूण व्यास दोन्हीकडे जवळपास सारखाच, पण बाजूच्या भिंतीची उंची पहिल्यात सुमारे १८४ मिलिमीटर आणि दुसऱ्यात १६६. हे १८ मिलिमीटर जास्तीचं रबर दगडावर आदळताना रिमला वाचवतं आणि हवा कमी केल्यावर टायरला पसरायला जागा देतं. मोठी चकचकीत रिम शहरात शोभते, दगडात लहान रिमच बरी. मात्र कंपनीच्या रिमपेक्षा लहान रिम घालायची असेल, तर ती ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, हे बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोकणातली लाल माती वेगळी. पावसात तिचा वरचा थर साबणासारखा होतो, पण खाली बहुतेक ठिकाणी कठीण जमीन असते. तिथे भरपूर कडा असलेला ए/टी वरचा थर कापून खालची जमीन पकडतो. जरा अरुंद टायर इथे रुंद टायरपेक्षा चांगलं काम करतो, कारण तो चिखलावर तरंगत नाही. सड्यांवरच्या, म्हणजे कातळी पठारांवरच्या जांभ्याला मात्र शेवाळ धरलं की चित्र बदलतं. ओल्या शेवाळी दगडावर एम/टीचे मोठे, गुळगुळीत, कडक ठोकळे सहज घसरतात. तिथे मऊ रबर आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा कामी येतात. टायर घेताना नक्षीचा ठोकळा जवळून बघा. त्यावर चाकूने मारल्यासारख्या चिरा आहेत का, त्या किती खोल आहेत? काही टायरमध्ये त्या वरवरच्या असतात आणि वर्षभरात झिजून जातात. आणि सड्याच्या बाबतीत एक विनंती. पावसाळ्यात तिथे फुलणारी वनस्पती कातळावरच्या जेमतेम मातीत उगवते. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. चाकाने उखडलेली ती माती परत बसायला कित्येक पावसाळे जातात.

देशावरची काळी माती हा तिसरा प्रकार, आणि त्याबद्दल सरळ सांगायचं तर ओल्या काळ्या मातीत टायरवर फार भिस्त ठेवू नये. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या पाणंद रस्त्यावर चाकाचे चार-पाच फेरे झाले की ए/टीच्या खाचा भरून टायर गोटा होतो, मडगार्ड आणि चाकाच्या मधली जागाही चिखलाने गच्च होते. एम/टी थोडा जास्त वेळ तग धरतो, एवढंच. शेतकरी वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती पुरेशी सुकल्याशिवाय औत घालत नाही. गाडीवाल्यानेही तोच नियम पाळावा. ज्याचं घरच अशा पाणंदीच्या टोकाला आहे, ज्याला दूध, माल किंवा आजारी माणूस घेऊन भर पावसात निघावंच लागतं, त्याच्यासाठी मात्र एम/टी ही गरज आहे, आणि त्याने तो जरूर घ्यावा. अरुंद आणि उंच मापाचा घ्यावा. चाक आणि मडगार्ड यांत मोकळी जागा ठेवावी, आणि डांबरावर आल्यावर वेग उतरवावा.

वाळूत नक्षीपेक्षा हवेचा दाब महत्त्वाचा. खोल खाचांचा एम/टी कोरड्या वाळूत उलट स्वतःलाच खड्डा खणतो. पण किनाऱ्यावर गाडी घालण्याचा विचारच मनातून काढून टाका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला कायद्यानेच बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांवरही पोलीस गुन्हे नोंदवतात. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्याहून गंभीर गोष्ट ही की वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटं दबलं की ते संपतं, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही.

लडाख किंवा स्पितीला जायचं असेल, तर उन्हाळ्यात चांगला ए/टी पुरतो. बर्फाच्या दिवसांत जाणार असाल, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या आत हिमकण असं चिन्ह आहे का ते बघा. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरला मिळतं. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असणं म्हणजे तशी चाचणी झाली असं नव्हे. घट्ट गोठलेल्या बर्फावर दोन्ही अपुरे पडतात, तिथे साखळ्या लागतात.

आता टायरवरची अक्षरं. समजा लिहिलं आहे २४५/७५ आर १६ १११ एस. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंचांची रिम. त्यापुढचा १११ हा भाराचा आकडा आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो, ११२ म्हणजे ११२०, १०४ म्हणजे ९०० किलो. गाडीला मूळ जो आकडा आहे त्याहून खालचा टायर कधीही घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त मिळो. शेवटचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किलोमीटर. बऱ्याच एम/टीवर क्यू असतं.

मापाच्या आधी 'एलटी' लिहिलेलं असेल, तर तो हलक्या ट्रकच्या धाटणीचा टायर आहे. त्याचे थर जास्त, दगडाला तो चांगलं तोंड देतो, पण तो जड आणि कडक असतो. तेवढाच भार पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. एलटी टायर बसवून दारावरच्या स्टिकरचाच दाब ठेवणं चूक आहे. टायर कंपनीचा तक्ता मागून घ्या. घरची चार माणसं आणि दोन बॅगा एवढाच भार असेल, तर एलटी घेऊन तुम्ही रोज फक्त हादरे विकत घ्याल.

मोठ्या मापाच्या मोहाबद्दलही बोलतो. २४५/७५ आर १६ चा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा ८०४. तीस मिलिमीटर वाढले, पण गाडीचं पोट जमिनीपासून त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे १५ मिलिमीटरने वर गेलं. त्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी खरी ८३ ने धावते, गिअर सुमारे चार टक्क्यांनी जड होतात, लो रेंजमध्ये गाडी हवी तेवढी सावकाश चालत नाही आणि पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर टायर आतल्या भागाला घासू शकतो. मागच्या दारावर लटकणाऱ्या स्टेपनीचं वजन वाढून बिजागऱ्याही खाली येतात. जिम्नीच्या १९५/८० आर १५ वरून २१५/७५ आर १५ वर जाणं हा त्या मानाने सौम्य बदल आहे, व्यास फक्त साडेदहा मिलिमीटरने वाढतो. मूळ व्यासापेक्षा दोन टक्क्यांहून मोठं काही बसवू नये, असं माझं मत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते, हेही लक्षात ठेवा.

टायर निवडण्याइतकाच निकाल हवेने लागतो, आणि हा भाग सर्वात दुर्लक्षित आहे. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी केली की टायर मुख्यतः लांबीला पसरतो, जास्त रबर जमिनीला लागतं आणि दगडाच्या आकाराप्रमाणे तो वाकून बसतो. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय चालणाऱ्या गाडीसाठी खडी आणि दगडात २२ ते २५, चिखलात १८ ते २० हा सुरुवातीला धरायचा अंदाज. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग ताशी वीस-तीसच्या आत ठेवा आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरा, कारण कमी हवेचा टायर वेगात आतून तापतो आणि फुटतो. दाब नेहमी टायर थंड असताना मोजा. यासाठी एक चांगला गेज आणि बॅटरीला लावायचा बारा व्होल्टचा पंप गाडीत हवाच. एच/टी टायर, गेज आणि पंप असलेला माणूस अनेकदा ३५ पीएसआयवर हटून बसलेल्या एम/टीवाल्याच्या पुढे निघून जातो. म्हणून एम/टीसाठी जास्तीचे पैसे बाजूला काढले असतील, तर आधी हा पंप घ्या आणि उरलेल्यातून पाचवा टायर.

हो, पाचवा. थार आणि जिम्नीसारख्या गाड्यांत फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. टायरचे व्यास वेगळे असले तर त्याचा ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने हा हिशोब इथे चालत नाही. स्टेपनीही त्याच मापाची घ्या आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं फिरवा. एम/टी असेल तर त्याहून लवकर. फिरवली नाही तर दारावर उन्हात लटकलेली स्टेपनी न वापरताच तडकते.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल नवा म्हणून घेऊ नका. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून परदेशी बनावटीचे ऑफ-रोड टायर इथे कमी झाले आणि जुना साठा किंवा वापरलेले टायर घासूनपुसून विकायला येऊ लागले. आयएसआय चिन्ह नसलेला टायर घेऊ नका, बिलावर कोड लिहून घ्या. भारतात बनणाऱ्या ए/टी टायरची निवड आता बऱ्यापैकी आहे. अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके, योकोहामा यांच्यापैकी तुमच्या मापात जे मिळतात त्यांची बाजूची भिंत, भाराचा आकडा आणि तारीख पडताळून बघा. नाव त्यानंतर. जो टायर तुमच्या तालुक्याच्या गावात पुन्हा मिळू शकतो, तो दुर्मीळ टायरपेक्षा उपयोगी, कारण आंबोलीच्या अलीकडे टायर चिरला तर पुण्याहून कुरिअर येईपर्यंत गाडी उभी राहते.

नवे टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. काही दिवस डांबरावर चालवून गाडी किती अंतरात थांबते ते ओल्या रस्त्यावर, मोकळ्या जागी, कमी वेगात पाहून घ्या. मग ओळखीच्या वाटेवर, सोबत दुसरी गाडी घेऊन, चिखलात उतरा. एकट्याने जाऊ नका.